दादूसची किडनी आणि माझे उंदीर

माझ्या थोरल्या भावाला मी दादूस म्हणायचे, तो मला बाय. वडील गेले तेव्हा तो दहावीत होता आणि मी तिसरीत. त्याने परीक्षा दिली, निकाल लागायच्या आधीच भिवंडीजवळच्या आमच्या शेलार गावात एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात कामाला लागला, आणि पुढची सगळी वर्षं मी शिकले ती त्याच्या शिफ्टवर. आई होती तोवर भातशेतीचं ती बघायची. ती गेल्यावर घरात दादूस, वहिनी आणि मी एवढेच उरलो. त्यांना मूल झालं नाही. वहिनी एकदा भाकऱ्या थापताना म्हणाली होती की तू आहेस तेवढी पुरे. तेव्हा मला ते साधंच बोलणं वाटलं होतं.

फार्मसीच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता त्या दिवशी दादूस ड्युटी संपवून तसाच आला होता. केसांत, भुवयांत कापसाचा भुगा. खिडकीतल्या बाईंनी त्याला विचारलं, वडील का? तो हो म्हणाला. बाहेर आल्यावर मी हसले, तर म्हणाला की सही करायची ती केली, उगाच समजावत कोण बसेल. तेव्हा तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेल.

शिक्षण संपल्यावर मला नवी मुंबईच्या बाजूला एका प्रयोगशाळेत काम मिळालं. तिथे मूत्रपिंडावर काम चालायचं. किडनीचा रक्तपुरवठा थोडा वेळ बंद पडला तर तिचं काय होतं, आणि ते नुकसान कशाने कमी करता येईल का, हा आमचा विषय. माणसांवर नाही, उंदरांवर. पांढऱ्या उंदराला भूल द्यायची, पोट उघडायचं, किडनीच्या रक्तवाहिनीवर एक बारीक चिमटा लावायचा. किडनी बघता बघता काळपट पडते. ठरलेल्या वेळेनंतर चिमटा काढला की तिच्यावर पुन्हा लाली पसरते. बघणाऱ्याला वाटतं, झालं, सुटली. पण खरी खराबी त्यानंतर सुरू होते. बंद पडलेलं रक्त एकदम परत येतं, त्याबरोबर पेशी जाळणारी रसायनं तयार होतात, आणि किडनीच्या आतल्या बारीक नळ्या मरायला लागतात.

त्यावर आम्ही दोन गोष्टी एकत्र करून बघत होतो. उंदराला तारेच्या मोठ्या वेटोळ्यात ठेवून त्याच्यावर मंद चुंबकीय क्षेत्र सोडायचं, आणि सोबत अँटिऑक्सिडंट द्यायचं, म्हणजे ती जाळणारी रसायनं शोषून घेणारं औषध. काही उंदरांना नुसतं चुंबक, काहींना नुसतं औषध, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. दोन्ही मिळालेल्यांचं रक्त तपासणीत कधी कधी इतरांपेक्षा बरं यायचं. कधी यायचं नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुख, आमच्या बाई, म्हणायच्या, अजून काही बोलायचं नाही, आपल्याला काही कळलेलं नाही. त्यांच्यासमोर मी मान डोलवायचे.

पण घरी मी बोलले. दर शनिवारी मी शेलारला यायचे. एका रविवारी जेवणं झाल्यावर ओटीवर बसलो होतो. दादूस विचारायला लागला की तू तिथे नेमकं करतेस तरी काय. मी सांगितलं. चिमटा, काळी पडलेली किडनी, परत आलेलं रक्त. त्याने मला मध्येच थांबवलं. म्हणाला, लूमचं तसंच असतं, लाईट गेल्यावर काही होत नाही, लाईट एकदम आली की सगळे लूम एका झटक्यात सुरू होतात आणि ताना, म्हणजे मागावरचे उभे धागे, तुटतो. मला इतकं बरोबर उदाहरण माझ्या बाईंनीही दिलं नव्हतं. मी खूश झाले आणि पुढे सांगत सुटले. चुंबक काय करतं, औषध काय करतं, दोन्ही मिळून काय होतं.

त्याने विचारलं, "म्हंजे चुंबकाने बरी व्हते?"

मी म्हणाले, होते. बऱ्याच वेळा होते.

हा "बऱ्याच वेळा" माझा होता. आमच्या नोंदींत तो कुठेही नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून नाक्यावर सगळ्यांना कळलं की याची बहीण चुंबकाने किडन्या बऱ्या करते. मी एसटीला उभी असले की ओळखीचे लोक विचारायचे. मी हसायचे आणि म्हणायचे, प्रयोग चाललाय. प्रयोग हा शब्द त्यांना ऐकू जायचा नाही आणि मला ते चालायचं. लहानपणापासून मी दादूसच्या जीवावर शिकत होते. त्याला मिरवायला पहिल्यांदा काहीतरी मिळालं होतं. ते काढून घ्यावंसं मला वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही त्यात मिरवणं होतं.

तोवर शेलारमधला तो कारखाना बंद झाला होता. दादूस वडप्याला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर म्हणून जात होता. माल उतरवून घ्यायचा, थप्प्या लावून घ्यायच्या, दिवसभर उभं राहायचं. लूमवर वाकून वाकून त्याची कंबर गेलीच होती. मेडिकलवाल्याकडून एक गोळी आणायचा आणि ड्युटीवर जाताना घ्यायचा. किती वर्षं घेत होता ते मला माहीत नव्हतं. माझं शिक्षण औषधांचं, आणि माझ्याच घरात खिडकीच्या फळीवर त्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पडलेल्या असायच्या.

मे महिन्यात त्याला जुलाब लागले. त्या गोडाऊनला वर पत्रा आणि चारी बाजूंना पत्रा, आत उभं राहिलं तरी अंगाचं पाणी होतं. माणसं कमी होती म्हणून दोन दिवस तो तसाच कामावर गेला. पोटाला म्हणून एक गोळी, कंबरेला म्हणून दुसरी. तिसऱ्या दिवशी थप्पीला टेकून बसला तो उठेना. कामावरच्या लोकांनी त्याला भिवंडीत एका खाजगी दवाखान्यात नेलं. मी पोहोचले तेव्हा सलाइन लागलं होतं आणि तो शुद्धीवर होता. मला म्हणाला, उगाच आलीस. पण आदल्या संध्याकाळपासून त्याला लघवी झाली नव्हती, आणि पुढेही होईना.

किडनीचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. तरुण होते, सावकाश बोलायचे. त्यांनी वहिनीला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की अंगातलं पाणी गेलं, रक्तदाब पडला, किडनीला रक्त पुरलं नाही. त्यात दुखण्याच्या गोळ्यांनी किडनी आधीच अर्धी गेलेली असणार. आता रक्त पोहोचतंय, पण आतल्या नळ्यांना मार बसलाय. काहींची परत येते, काहींची नाही, वाट बघावी लागेल.

मी रोज हेच ऐकत होते, रोज हेच लिहीत होते. वहिनी माझ्याकडे बघत होती. डॉक्टर गेल्यावर तिने विचारलं की तुला कळलं ना सगळं? मी हो म्हणाले. तिला एवढंच हवं होतं. तिच्या तोंडावर धीर आला, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

मानेत नळी घालून डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. घरी आणल्यावर वहिनीने लघवी मोजायचं काम स्वतःकडे घेतलं. दवाखान्यातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या मापात ती मोजायची आणि मला फोन करायची. आज पन्नास. आज साठ. एकदा एकशे वीस झाली तेव्हा तिला बोलता येईना. मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून ते ऐकलं, आणि मलाही वाटलं की आता ताना जुळतोय. पुढच्या आठवड्यात पुन्हा चाळीसवर आली.

पावसाळा संपला, डॉक्टरांनी आणखी थोडं थांबून बघितलं. मग एक दिवस त्यांनी दादूसच्या समोरच सांगितलं की तीन महिने उलटून गेले, आता ही परत येईल असं वाटत नाही, हाताच्या शिरेवर छोटं ऑपरेशन करून डायलिसिसची कायमची सोय करून घेऊ. किडनी बदलण्याबद्दलही बोलणं झालं. वहिनीचा रक्तगट जुळत नव्हता. मी द्यायला तयार होते. दादूसने डॉक्टरांसमोरच मान हलवली. म्हणाला, तिच्या अंगाला कुणी चाकू लावायचा नाही, ती गोष्ट पुन्हा काढायची नाही. मी खूप भांडले. त्याने एक शब्द वाढवला नाही आणि एक शब्द मागे घेतला नाही.

त्या रविवारी आम्ही पुन्हा ओटीवर बसलो होतो. त्याला दिवसभरात पाणी मोजून प्यायचं होतं, म्हणून तो बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसला होता. खडा विरघळल्यावर तो म्हणाला,

"बाय, तुजे उंदीर बरे व्हतात ना?"

मी बर्फाची वाटी उचलून बाजूला ठेवली.

"मंग मना पन ठेव तुज्या त्या कॉइलमंदी. मी काय त्यांच्यापेक्षा कमी हाय?"

तो हसत होता, पण त्याने ते गंमत म्हणून विचारलं नव्हतं. मी त्याला सांगायला सुरुवात केली. उंदरांना आम्ही चिमटा काढल्यावर लगेच ठेवतो, तासाभरात. तुला आता किती महिने झाले. मेलेल्या नळ्या चुंबकाने जिवंत होत नाहीत. उंदीर एवढासा असतो, माणूस केवढा. माणसाला किती द्यायचं, किती वेळ द्यायचं, द्यायचं की नाही, हे आम्हाला माहीत नाही. आणि सगळे उंदीर बरे होत नाहीत. मी तुला तेव्हा वाढवून सांगितलं.

हे शेवटचं वाक्य मी फार हळू बोलले. त्याने ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही. कारण त्याने दुसरंच विचारलं. बरे झालेल्या उंदरांचं पुढे काय करता?

मी म्हणाले, मारतो. किडनी काढून कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. त्याशिवाय कळत नाही.

"बरे झालेले पन?"

"ते पण."

त्याने बर्फाची वाटी हातात घेतली. मग उठून आत गेला आणि पंख्याखाली आडवा झाला. त्यानंतर त्याने माझ्या कामाबद्दल मला कधीही काही विचारलं नाही. मला वाटलं, त्याला पटलं. मला त्यातून सुटका झाल्यासारखंही वाटलं.

पुढे जे झालं ते मला वहिनीकडून नंतर कळलं. दिवाळीनंतर मानकोलीच्या बाजूला एका लग्नाच्या हॉलमध्ये आरोग्य शिबिर लागलं होतं. एक माणूस चुंबकाचे पट्टे विकायला आला होता. कमरेला बांधायचा काळा पट्टा, आत गोल गोल चकत्या शिवलेल्या. त्याच्यासोबत बाटलीतला रस, आवळ्याचा आणि आणखी कसल्या कसल्या फळांचा. बाटलीवर मोठ्या अक्षरांत अँटिऑक्सिडंट असं लिहिलेलं. दादूस डायलिसिसच्या ओळखीतल्या एकाबरोबर सहज बघायला गेला होता. त्याने तो शब्द अक्षर अक्षर लावून वाचला, कारण तो त्याने माझ्या तोंडून ऐकला होता. उठून त्या माणसाला म्हणाला की माझी बहीण हेच काम करते. तो माणूस म्हणाला, मग तुम्हाला मी काय सांगू, तुम्हाला तर सगळं माहीतच आहे. आणि त्याने दादूसला पुढच्या खुर्चीवर बसवलं.

दोन्ही घेऊन तो घरी आला. वहिनीला बजावलं की बायला सांगायचं नाही, ती तिच्या बाईंना घाबरते, तिला बोलायची परवानगी नाही. म्हणजे मी ओटीवर जे काही सांगितलं होतं, त्याचा त्याने असा अर्थ लावला होता. खरं औषध आहे, पण बहिणीचे हात बांधलेले आहेत.

तो पट्टा दिवसभर बांधायचा आणि सकाळ-संध्याकाळ रस घ्यायचा. पहिल्या आठवड्यात त्याला हुशारी वाटली. शिबिरातल्या माणसाने फोनवर सांगितलं होतं की मशीनमुळे किडनी आळशी होते, हळूहळू मशीन कमी करा. आधी त्याने तिनाचे दोन दिवस केले. मग एक आठवडा गेलाच नाही. डायलिसिसच्या केंद्रातून फोन आला तर गावाला आलोय म्हणून सांगितलं. मी विचारलं की सगळं छान म्हणायचा. त्या काळात आमचं काम खूप होतं, दोन शनिवार मी घरी आले नव्हते.

डायलिसिसच्या माणसाला फळांचा रस विषासारखा असतो. त्यात पोटॅशियम असतं, किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, आणि ते वाढलं की हृदय थांबू शकतं. दवाखान्यातून दिलेल्या कागदावर ते मराठीत लिहिलेलं होतं. तो कागद वहिनीने देवाच्या फोटोमागे नीट ठेवला होता. पण रसाच्या बाटलीवर पोटॅशियम असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

एका मंगळवारी दुपारी मी पिंजरे धूत होते आणि फोन वाजला. वहिनी म्हणाली की याचे पाय उचलत नाहीत. तोंड सुजलंय. आणि मग रडत रडत पट्ट्याचं, रसाचं, मशीनचं सगळं सांगून टाकलं. मी तिला म्हणाले की रिक्षा बोलाव, आत्ताच्या आत्ता ने, माझी वाट बघू नकोस. मी तशीच निघाले. मानकोलीच्या नाक्यावर ट्रेलरच्या मागे ट्रेलर उभे होते, पुलाच्या अलीकडे गाडी हलेना. मी रिक्षातून उतरून चालत निघाले. रस्त्याच्या बाजूला तो लग्नाचा हॉल होता. तेव्हा मला माहीत नव्हतं की तोच तो. बाहेर कुणाच्या तरी हळदीची कमान बांधत होते.

डॉक्टरांनी त्याला थेट मशीनवर घेतलं होतं. हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडत होते, फुप्फुसात पाणी भरलं होतं. संध्याकाळी ते बाहेर आले आणि म्हणाले की वाचलेत, पण हृदयाला मार बसलाय. मग त्यांनी विचारलं, घरात कुणी शिकलेलं नाही का? वहिनीने माझ्याकडे बघितलं नाही. मीच म्हणाले की मी आहे.

दोन दिवसांनी तो बोलण्यासारखा झाला. वहिनी चहा आणायला गेली होती. मी त्याचा हात धरून बसले होते. रागवायचं नाही असं ठरवून आले होते, तरी विचारलं की मला का नाही विचारलंस. तो म्हणाला, तू नाही म्हणाली असतीस. मी म्हणाले, म्हणून? तो म्हणाला, म्हणून.

मग थोड्या वेळाने छताकडे बघत म्हणाला, "तूच बोल्ली व्हतीस ना, बाय. चुंबक आनि ता औषध. दोन्ही मिळून."

त्याच्या आवाजात राग नव्हता. खात्री करून घेत होता, आपण काही चुकीचं तर ऐकलं नव्हतं ना. मी म्हणाले, हो दादूस, मीच बोलले होते. त्याने मान डोलवली. त्याला तेवढ्याने बरं वाटल्यासारखं दिसलं. मला त्याला म्हणायचं होतं की मी खोटं बोलले होते, पण तेही पूर्ण खरं नव्हतं. मी खोटं बोलले नव्हते. मला थोडं माहीत होतं, आणि ते थोडं आहे हे मी सांगितलं नव्हतं. एवढा फरक त्याला त्या पलंगावर समजावून सांगण्यात काही अर्थ नव्हता.

घरी आल्यावर वहिनीने रसाच्या उरलेल्या बाटल्या मोरीत ओतल्या. पट्टा तिने तसाच त्याच्या उशाशी ठेवला. मी उचलायला गेले तर म्हणाली की राहू दे, कंबरेला ऊब लागते त्याला. मी राहू दिला.

त्यानंतर तो दहा महिने होता. एकही डायलिसिस चुकवलं नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी आंघोळ करून, पिशवीत चादर आणि बिस्किटाचा पुडा घेऊन तो रिक्षात बसायचा. केंद्रात त्याच्या बाजूच्या खुर्चीवर एक चाचा यायचे, पूर्वी लूम चालवायचे. दोघं चार तास लूमच्याच गोष्टी करायचे, कुठल्या शेठच्या कारखान्यात कापड कसं निघायचं, कुठला जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, कसा हुशार होता. दादूस तिथे हसायचा असं वहिनी सांगायची. घरी मात्र तो फार बोलेनासा झाला. दोन पायऱ्या चढला की दम लागायचा. मी नोकरीतून दर बुधवारी सुट्टी मागून घेतली आणि त्याच्यासोबत जाऊन बसायला लागले. बाईंनी कारण विचारलं तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कामाची वही पुढे ओढून बुधवारचं पान काढलं. मग म्हणाल्या की बुधवारचे उंदीर मी बघीन.

एका शुक्रवारी सकाळी तो आंघोळ करून आला, शर्टाची बटणं लावली, पिशवी हातात घेतली आणि दारातल्या खुर्चीवर बसला. रिक्षा आली. वहिनीने हाक मारली तर तो उठला नाही.

दहाव्याला खाडीकाठी सगळा गाव आला होता. विधी झाल्यावर बायका मांडवात बसल्या होत्या. वडिलांच्या चुलतबहिणीने, मी तिला आत्या म्हणते, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं की पोरी, तुझ्या हातात औषध होतं ना गं, मग भावाला का नाही दिलंस. तिने दोष द्यायला विचारलं नव्हतं. तिला खरोखर कळत नव्हतं.

मी सांगितलं की माझ्या हातात औषध नव्हतं. अजून कुणाच्याच हातात नाही. आम्ही उंदरांवर बघतोय, काहींना थोडा फरक पडतो, माणसांचं कुणालाच माहीत नाही. आत्या म्हणाली की पण तो तर सगळ्यांना सांगायचा. मी म्हणाले की मी त्याला अर्धंच सांगितलं होतं.

तेव्हा वहिनी बोलली. दहा दिवसांत ती जेमतेम बोलली होती.

"त्याला तेवढाच पायजे व्हता," ती म्हणाली. "पुरा सांगितला असतास तरी त्याने अर्धाच घेतला असता. तुजा नाव व्हता ना त्यात."

मला तिने माफ केलं की आणखी जड काही माझ्या पदरात टाकलं, ते मला ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी मी उठून भांडी घासायला गेले, आणि ती माझ्यामागून आली आणि शेजारी बसून विसळायला लागली.

महिन्याभराने वहिनी म्हणाली की घरात त्याची इंजेक्शनं पडून आहेत, रक्त वाढायची, फ्रीजमध्ये, तारीख आहे अजून. तिथे कुणाच्या तरी उपयोगी पडतील. आम्ही दोघी बुधवारी केंद्रात गेलो. वहिनी इंजेक्शनं घेऊन नर्सकडे गेली. दादूसच्या खुर्चीवर एक नवीन बाई होत्या, तोंडावर ओढणी घेऊन झोपलेल्या. बाजूला चाचा होते. त्यांनी मला ओळखलं, हाताने बस म्हणून खूण केली.

ते दादूसबद्दल बोलले. भला माणूस होता म्हणाले. आणि मग आवाज खाली करून विचारलं की बेटी, तुझा भाऊ सांगायचा त्या चुंबकाचं, ते नीट जमलं का? त्यांच्या मुलाला कुणीतरी मोबाईलवर अशा पट्ट्याची जाहिरात पाठवली होती, तो मागवू का म्हणून विचारत होता.

मी स्टूल जवळ ओढलं आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला घेतलं. हिंदीत, माझ्या मोडक्यातोडक्या. रक्त बंद होतं तेव्हा काय होतं, परत येतं तेव्हा काय होतं. चिमटा, वेटोळं, औषध. कुठल्या उंदरांना फरक पडला, कुठल्यांना नाही. आम्ही किती लवकर उपचार करतो आणि त्यांच्या किडन्या जाऊन किती वर्षं झाली. पट्ट्यातल्या चकत्या आणि आमचं वेटोळं यात काय फरक आहे. रस का प्यायचा नाही. बरे झालेले उंदीरही आम्ही मारतो, हेही सांगितलं. ते मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते, चांगले प्रश्न. मला जे माहीत नव्हतं तिथे मी म्हणत गेले की माहीत नाही. फार वेळा म्हणावं लागलं.

सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी आपल्या हातातल्या नळीतून जाणाऱ्या रक्ताकडे बघितलं.

"मतलब हमारे टाइम में नहीं आएगा," ते म्हणाले.

"नहीं चाचा. मुझे नहीं लगता."

त्यांनी मान डोलवली. मग खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले की मुलाला लावून दे, त्याला तूच सांग, माझं तो ऐकणार नाही. मी नंबर लावला. वहिनी रिकामी पिशवी घडी घालत येऊन माझ्या मागे उभी राहिली, आणि पलीकडून कुणीतरी हॅलो म्हणालं.